सवय लागायला किती दिवस?

जूनमध्ये मुले हौसेने सूर्यनमस्कार घालू लागतात. ऑगस्टपर्यंत बरीचशी गळतात. चुकणाऱ्याला मैदानाला दोन फेऱ्या! म्हणजे ज्या धावण्याची गोडी लावायची, तीच शिक्षा.

सवय २१ दिवसांत लागते, असे सर्रास सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी हे मोजूनच पाहिले. त्यांचा निबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी प्रत्येकी एक कृती निवडली (उदा. जेवणाबरोबर फळ खाणे, जेवणापूर्वी १५ मिनिटे धावणे) आणि ठरलेल्या प्रसंगी १२ आठवडे रोज करायचे ठरवले. कृती कितपत आपोआप होते, याचा आलेख काढला. तो आधी भराभर चढतो, मग सपाट होतो. सपाट होण्यास लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ आला. पण कोणाला १८, तर कोणाला २५४! (प्रयोग ८४ दिवसांचाच होता, २५४ हा आकडा आलेख पुढे वाढवून काढलेला आहे.) व्यायामाला खाण्यापिण्यापेक्षा अधिक दिवस लागले.

आम्हाला मोलाचा वाटतो तो दुसरा निष्कर्ष. एखादा दिवस चुकल्याने आलेखात फारसा फरक पडला नाही. हे सारे प्रौढ होते, हे खरे; तरीही काल चुकलेल्या मुलाला ‘ये, पुढे सुरू करू’ म्हणायला आपल्याला एवढा आधार पुरेसा आहे.

वर्गात करून पाहा. प्रार्थनेनंतर लगेच, त्याच जागी, पाचच नमस्कार. ‘आज आठवण करून द्यावी लागली का?’ याची खूण प्रत्येकाने स्वतःच्या वहीत करावी. फेऱ्या बंद.