डोळा कुठे फसतो?

वरळीच्या बीडीडी चाळीत दोन्ही बाजूंच्या खोल्यांमधून जाणाऱ्या अंधाऱ्या पॅसेजमध्ये उभे राहा. टोकाचा माणूस आहे त्यापेक्षा लांब वाटतो. मग पावसाची सर ओसरल्यावर वरळी किल्ल्यावर जा. वांद्रे हाताशी आल्यासारखे दिसते. डोळे तेच, चूक मात्र उलटी.

नजर तीक्ष्ण असली की अंतर बरोबर कळते, हा पहिला गैरसमज. दोन डोळ्यांनी खोली कळते ती जवळच्या वस्तूंची. लांबचे अंतर मेंदू उजेड, धूसरपणा आणि मधल्या खुणांवरून ठरवतो. धुतलेल्या हवेत, पाण्यापलीकडे किंवा दरीपलीकडे मध्ये खूण नसते, म्हणून अंतर कमी भासते. सह्याद्रीत समोरच्या सोंडेवरचे देऊळ 'हे काय, इथेच' म्हणून निघालेल्यांची संध्याकाळ दरीतच होते. धुके आणि सावली याच्या उलट फसवतात. सैनिकांना अंतराचा अंदाज शिकवताना या चुका आधी शिकवतात, ते योग्यच आहे.

वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत जितके सेकंद तितके किलोमीटर, हेही चूक. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. तोफेचा जाळ आणि आवाज यांतल्या वेळेवरून तोफेचे अंतरही असेच मोजत.

तोफांबद्दल तर फार अतिशयोक्ती चालते. जंजिऱ्यावरची कलाल बांगडी 12 किलोमीटर मारा करायची, असे सर्रास सांगतात. मला हे मुळीच पटत नाही. आतून गुळगुळीत नळी, सैल बसणारा गोळा आणि हवेचा अडथळा; अशा तोफेचा गोळा फार तर दोन-तीन किलोमीटर जाई, नेमका मारा त्याहून बराच जवळचा.

क्षितिजही फार लांब नसते. पाण्याच्या कडेला उभ्या माणसाला ते साधारण साडेचार किलोमीटरवर दिसते.

मग अंदाज बांधायचा कसा? हात ताठ करून अंगठा धरा, एकेक डोळा मिटा. अंगठा आडवा जितका सरकल्यासारखा दिसेल, त्याच्या दहापट अंतर. 12 मीटरच्या बसएवढा सरकला, तर बस सुमारे 120 मीटरवर आहे. आणि पुढच्या ट्रेकआधी जांबोरी मैदानावर टेप लावून आपली 100 मीटरची पावले एकदा मोजून ठेवा.