घरच्या पडद्यावर ‘द डिसायपल’

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला २०२० मध्ये व्हेनिस महोत्सवात उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला; बहुतेकांनी मात्र तो २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर, घरीच पाहिला. शास्त्रीय गायक होऊ पाहणाऱ्या शरद नेरुळकरची ही गोष्ट. शरद झालेले आदित्य मोडक मुळात गायकच, शरदचे गुरुजी झालेले अरुण द्रविडही. त्यामुळे मैफलीत अडखळलेला सूर खोटा वाटत नाही. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर मोटरसायकल संथ सरकते आणि शरदच्या कानात गुरुजींच्या गुरू असलेल्या माईंचे ध्वनिमुद्रित बोल चालू असतात. माई पडद्यावर कधीच दिसत नाहीत. आवाज सुमित्रा भावे यांचा. हे प्रसंग लांबलेले खरे, पण चित्रपटाचा जीव तिथेच आहे. कपड्यांना इस्त्री करता करता मोबाइलवर पाहण्याजोगा मात्र हा चित्रपट नव्हे.