भरतीचे कोष्टक आणि सरकणारे पान

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते. भरती आली की तीच वाट पाण्याखाली जाते. दिवसातून साधारणपणे दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि त्यांच्या वेळा रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे जाणाऱ्या. महिनाभराचे कोष्टक त्यामुळे चांगलेच लांबते. मुंबईहून निघालेला पर्यटक ते मोबाइलच्या पडद्यावर पाहतो. २५ तारखेपर्यंत पान सरकवले, की ‘भरती’ आणि ‘ओहोटी’ ही शीर्षके पडद्याबाहेर गेलेली असतात. उरतात नुसते आकडे. ओहोटीची म्हणून भरतीची वेळ वाचली गेली, तर किल्ल्यातच अडकून पडण्याची पाळी यायची.

यावर उपाय स्टाइलशीटमध्ये आहे. शीर्षकाच्या चौकटींना ‘पोझिशन: स्टिकी’ आणि ‘टॉप: ०’ हे गुणधर्म दिले, की शीर्षक वर चिकटून राहते व आकडे त्याखालून सरकतात. एकेकाळी एवढ्यासाठी जावास्क्रिप्टचा खटाटोप करावा लागे. पार्श्वरंग मात्र द्यावाच. अन्यथा खालचे आकडे शीर्षकाच्या अक्षरांतून डोकावतात.

खरी मेख पुढेच आहे. अरुंद पडद्यावर रुंद कोष्टक आडवे सरकावे म्हणून त्याभोवतीच्या चौकटीला ‘ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो’ दिले जाते, आणि शीर्षक चिकटेनासे होते! कारण स्टिकी घटक पानाला नव्हे, तर सरकू शकणाऱ्या सर्वांत जवळच्या चौकटीला चिकटतो. आणि ही चौकट कोष्टकाएवढीच उंच असल्याने ती उभी सरकतच नाही. तिला ‘मॅक्स-हाइट’ने उंचीची मर्यादा घातली, की काम होते. कोष्टकाचा शेवट आल्यावर बोटाच्या ओढीने मागचे पान सरकू लागते, ते ‘ओव्हरस्क्रोल-बिहेवियर: कंटेन’ने थांबते.

‘आजची तारीख’ या दुव्यावर टिचकी मारली असता नेमकी तीच ओळ चिकटलेल्या शीर्षकामागे दडते. चौकटीला शीर्षकाच्या उंचीइतके ‘स्क्रोल-पॅडिंग-टॉप’ द्यावे. राहिला ‘स्क्रोल-बिहेवियर: स्मूथ’. सफारीत तो २०२२ साली आला. सरकत्या दृश्याने काहींना भोवळ येते, म्हणून हालचाल कमी ठेवण्याची निवड ज्यांनी यंत्रात केली आहे त्यांच्यासाठी तो बंद ठेवावा. वाळूत उभे राहून वेळ शोधणाऱ्याला त्याचा तसाही उपयोग नाही.