हुकूम ‘उघडायचा’ म्हणजे नक्की काय?



जालन्याला घ्या, अंबडला घ्या, भोकरदनला घ्या, लग्नघरी रात्री मेंढीकोटाचा डाव बसला की वाद ठरलेलाच. बंद हुकूम चालू आहे. उतारीच्या रंगाचं पान तुमच्याकडे नाही. नियम सगळ्यांना पाठ: "रंग नसेल तर हुकूम उघडायचा." आता सांगा, उघडायचा म्हणजे उघडावाच लागतो की उघडता येतो? आणि उघडल्यावर हुकमाचंच पान टाकायचं की दुसरं चालतं?

समोर दश्शी पडलेली असली की ज्याच्याकडे हुकूम आहे त्याला एक अर्थ दिसतो, ज्याची दश्शी जाणार त्याला दुसरा. दोघंही खोटं बोलत नसतात बरं का! पानं हातात आली की नियम कुणालाच सरळ वाचता येत नाही. म्हणून मुरलेले खेळाडू पत्ते पिसायच्या आधीच विचारून घेतात. तरी मध्येच अडलं, तर मी म्हणतो, याच बैठकीत आधी जसं चाललं तसंच हा डाव संपेपर्यंत चालवा. बदल पुढच्या वाटपापासून. आधी असा प्रसंगच आला नसेल तर डाव मोडा, पुन्हा वाटा. दोन शिव्या खाल, पण भिडू टिकेल.

आता तुमचं बिलबुक काढा. "माल खराब निघाल्यास बदलून द्यायचा." खराब कोण ठरवणार? किती दिवसांत? गाडीभाडं कुणाचं? "पैसे आठ दिवसांत द्यायचे." ऑर्डर दिल्यापासून की माल उतरल्यापासून? हा ‘-यचा’ तोच, मेंढीकोटातला.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २९ म्हणतं, ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार रद्दबातल. कायद्यातच उदाहरण दिलंय: शंभर टन तेल विकायचं ठरलं, कुठलं तेल ते कशावरूनच कळत नाही. करार गेला. पण विकणारा फक्त खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल तर करार टिकतो, कारण अर्थ त्याच्या धंद्यावरून कळतो. तेव्हा जुनी बिलं, व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुसू नका. आधी कसं चाललं होतं, ते त्यातूनच दाखवता येतं.

आणि ती ओळ आजच बदला: "माल मिळाल्यापासून ३ दिवसांत फोटो पाठवल्यास बदलून देऊ, गाडीभाडं आमचं." मग धंद्याशी संबंध नसलेल्या एखाद्याला ती वाचायला द्या. तो विचारेल, "माल आला तो दिवस धरायचा का?"

तेही लिहा.