उन्हावर चालणारे, उन्हात टिकणारे

गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गणपतीच्या मूर्तीशेजारी ठेवलेलं, मान डोलावणारं प्लास्टिकचं फूल सगळ्यांनी पाहिलेलं असतं. कुंडीवर नखाएवढं सोलर पॅनेल, आत तारेचं वेटोळं, एक चुंबक आणि काळ्या ठिपक्याखाली दडलेली चिप. ऊन पडलं की ते डोलतं. एखादा कडक उन्हाळा गेला की मात्र बऱ्याचदा मान टाकतं. उघडून पाहा, चिपला सहसा काही झालेलं नसतं. गोंद सुटलेला असतो, नाहीतर प्लास्टिक वाकलेलं असतं. गाडीत टिकेल असा छोटा सौर रोबो स्वतः बनवायचा असेल, तर सुरुवात इथूनच करावी.

असे रोबो बनवण्याची एक परंपराच आहे, तिचं नाव ‘बीम’. जीवशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, सौंदर्य आणि यंत्रशास्त्र या चारांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते पडलं. जनक मार्क टिल्डन. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात असताना त्यांनी रोबोशास्त्रज्ञ रॉडनी ब्रूक्स यांचं व्याख्यान ऐकलं आणि रोबोला जड मेंदू द्यायचा नाद सोडला. संगणक नको, प्रोग्रॅम नको. दोन-चार ट्रान्झिस्टर आणि भंगारातल्या वॉकमनची मोटर पुरे. पुढे ते अमेरिकेत लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत गेले. त्यांच्या या ‘मज्जातंतू’ मंडलांना १९९४ साली पेटंट मिळालं. २००४ साली जगभर खपलेलं रोबोसेपियन हे खेळणंही त्यांचंच. पण मला विचाराल तर त्यांची खरी कमाई म्हणजे ते कागदी क्लिपांच्या पायांचे, काडेपेटीएवढे किडे.

या किड्यांचा जीव असतो ‘सोलर इंजिना’त. छोटं पॅनेल भर उन्हात जेमतेम दहा-वीस मिलिअँपिअर देतं. मोटरला जागची हलायला शंभरेक लागतात. थेट जोडलं तर मोटर ढिम्म. म्हणून मध्ये कॅपॅसिटर ठेवतात. आपल्याकडचा वसुदेव प्याला आठवा: पाणी कृष्णाच्या पायाला लागेपर्यंत भरत राहतं आणि लागलं की सगळं एकदम निघून जातं. इथेही तसंच. कॅपॅसिटर हळूहळू भरतो, व्होल्टेज ठरावीक पातळीला पोचलं की ट्रान्झिस्टरांची जोडी उघडते, साठलेली सगळी वीज मोटरमध्ये ओतली जाते, किडा एक उडी मारतो आणि पुन्हा भरणं सुरू. परदेशी आराखड्यांत २एन३९०४ आणि २एन३९०६ हे ट्रान्झिस्टर असतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बीसी५४७ आणि बीसी५५७ मागा, काम तेच होतं. फक्त पाय उलट्या क्रमाने असतात, ते तपासून घ्या.

आता उष्णतेकडे. बंद गाडी तापते, कारण काचेतून आत आलेलं ऊन सीट आणि डॅशबोर्ड तापवतं आणि तापलेली हवा बाहेर जाऊ शकत नाही. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेंपी इथे संशोधकांनी उन्हाळ्यात, बाहेर ३८ अंशांच्या वर तापमान असताना, उभ्या गाड्यांमध्ये मोजमापं घेतली; ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. उन्हातल्या गाडीत तासाभरात हवा सरासरी ४७ अंशांवर गेली, तर डॅशबोर्ड ६९ अंशांवर. सावलीतल्या गाडीतही डॅशबोर्ड ४८ अंशांपर्यंत गेलाच. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा तिथल्या वाचकांनी हिशेब त्याहून वरचा धरावा. मी ८० अंश धरून चालतो.

ऐंशी अंशांना सिलिकॉन मरत नाही, पण वागणं बदलतं. सोलर पॅनेलमधल्या प्रत्येक सेलचं व्होल्टेज दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने घसरतं. आठ सेलचं, साधारण चार व्होल्टचं पॅनेल घ्या. ते २५ वरून ७० अंशांवर गेलं की पाऊण व्होल्ट गायब, हाती उरतात सव्वातीन. इंजिन कधी उघडायचं ते ठरवायला तुम्ही साडेतीन व्होल्टची व्होल्टेज डिटेक्टर चिप लावली असेल, तर घरात टेबलावर नाचणारा किडा गाडीत भर दुपारी नुसता बसून राहील. सगळं ठाकठीक, आणि तरी हालचाल नाही!

यावरचा उपाय मला फार आवडतो, कारण तो स्वस्त आहे. डिटेक्टरऐवजी तीन साधे डायोड ओळीने लावायचे. तीन डायोड आणि ट्रान्झिस्टरचा एक जोड मिळून पातळी ठरते साधारण २.४ व्होल्ट. हे चारही जोड उष्णतेने त्याच दराने, दर अंशाला दोन-दोन मिलिव्होल्टने, खाली येतात. म्हणजे ७० अंशांवर पातळी आपोआप दोन व्होल्टच्या आसपास उतरते. पॅनेल दमलं की इंजिनही मागणी कमी करतं. उडी थोडी दुबळी होते, पण किडा थांबत नाही.

साठवणीसाठी बॅटरी नकोच. लिथियमच्या सेलला चार्जिंगची मर्यादा सहसा ४५ अंशांची असते, आणि सोलर पॅनेल चार्जिंग करणार ते नेमकं गाडी तापलेली असताना. फुगलेली लिथियम बॅटरी ज्याने पाहिली आहे, त्याला पुढचं सांगायला नको. नाण्याएवढे सुपर कॅपॅसिटर मोहक खरे, पण त्यातले बरेचसे ७० अंशांपर्यंतचेच. त्यापेक्षा ४७०० मायक्रोफॅरडचा साधा इलेक्ट्रोलिटिक घ्या, मात्र पाठीवर १०५ अंश छापलेला. १०५ अंशांना २००० तास टिकणारा कॅपॅसिटर दर दहा अंश खाली आलं की दुप्पट टिकतो, असा ढोबळ नियम आहे. ७५ अंशांना झाले १६,००० तास. रोज चार तास तापला तरी दहा वर्षांवर जातो.

आणि मग तो गोंद. ग्लू गनची कांडी या तापमानाला मऊ पडते. थ्रीडी प्रिंटरवरचं नेहमीचं पीएलए साठ अंशांनाच ढिलं होतं, त्यामुळे हौसेने छापलेले पाय पहिल्याच दुपारी फेंगडे होतात. घरी कालवलेलं इपॉक्सीही या उष्णतेत मऊ पडतं, ते ‘पक्कं’ म्हणून निर्धास्त राहू नका. जुन्या बीमवाल्यांची पद्धत इथे कामी येते: सुटे भाग एकमेकांनाच सोल्डर करायचे आणि त्यांचाच सांगाडा करायचा. कागदाची स्टीलची क्लिप सरळ करून घ्या, टोक सँडपेपरने चकाकेपर्यंत घासा, फ्लक्स लावा, मगच सोल्डर धरतं. कथिल-शिशाचं नेहमीचं सोल्डर १८३ अंशांच्या आधी वितळत नाही. मोटरसारखे भाग बारीक तारेने आवळून बांधा. चिकटवणं अटळच असेल तिथे सिलिकॉन सीलंट वापरा, पण व्हिनेगरसारखा वास येणारं नको. त्यातलं आम्ल तांबं खातं. बिनवासाचं ‘न्यूट्रल’ प्रकारचं मागा.

शेवटचा प्रश्न, कोणता रोबो करायचा. धावणारे गाडीत अजिबात नकोत. एका जागी खिळवलेलं, प्रकाशाकडे मान वळवणारं ‘हेड’ किंवा चुंबकाचा लंबक बरा. तोही डॅशबोर्डवर डावीकडच्या एअरबॅगच्या झाकणावर बसवू नका: एअरबॅग उघडली तर तो गोळीसारखा सुटेल. चालकाच्या नजरेसमोरही नको. मागच्या खिडकीजवळचा कोपरा चालतो, मात्र स्क्रूने घट्ट. काचेवर उष्णता अडवणारी फिल्म असेल तर पॅनेल एक आकार मोठं घ्या, कारण सिलिकॉन सेल ज्या अवरक्त किरणांवर वीज करतो त्यातले बरेचसे तीच फिल्म अडवते. आणि तापमान मोजणारी प्रोब असलेला मल्टीमीटर मिळाला, तर रोबो बसवण्याआधी त्या कोपऱ्यातलं दुपारी दोनचं तापमान एकदा घेऊन ठेवा. मग डायोड तीन लावायचे की चार, ते ठरवता येतं.