बाळंतिणीचे कपडे : एका हाताने उघडले पाहिजेत

शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांतल्या मैत्रिणी आज इथे आहेत. काही जणींबरोबर सासूबाई आणि आईसुद्धा आल्या आहेत, त्याचा जास्त आनंद आहे. मघाशी फळ्यावर विषय लिहायला सांगितला, तर लिहिणाऱ्या मुलाने ‘बाळंतिणीचा आहार’ असं लिहून टाकलं. (हशा) त्याचा दोष नाही. ब्रा हा शब्द आपण दुकानातसुद्धा हळू आवाजात बोलतो. जुन्या बायका ‘बॉडी’ म्हणतात. दुकानदार ती वर्तमानपत्रात गुंडाळून देतो आणि आपण मापसुद्धा न बघता पिशवीत टाकून घरी येतो. या लाजेची किंमत बाळंतपणात मोजावी लागते. कशी, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी शिरूर तालुक्यातल्या एका गावात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली एक मुलगी मला भेटली. सहावा दिवस होता. अंगात ताप, डाव्या छातीत वरच्या बाजूला कडक गाठ, कातडी लाल. बाळ रडून रडून दमलेलं. आई म्हणाली, “ताई, हिला दूधच नाही.” फडताळात पावडरचा डबा येऊन बसला होता. मी म्हटलं, आधी पाजून दाखव. तिने ब्लाउजचे खालचे दोन हुक काढले, लग्नाआधीची ब्रा वर सरकवली आणि बाळाला घेतलं. ब्लाउजची आणि ब्राची कड, दोन्ही बरोबर त्या गाठीवर आवळून बसल्या होत्या. दूध होतं, भरपूर होतं. कपड्याने अडवलं होतं.

हे का होतं, ते समजून घेऊ. स्तनात दुधाची टाकी नसते. द्राक्षाच्या घडासारख्या बारीक बारीक पिशव्या असतात, त्यांत दूध तयार होतं आणि नाजूक नळ्यांतून बोंडाकडे येतं. या नळ्या कातडीपासून फार खोल नसतात. एका जागी सतत दाब पडला की त्या भागातलं दूध तुंबतं, सूज येते, गाठ होते, पुढे ताप येतो. दुसरी गोष्ट. दूध जितकं निघेल तितकं नवं तयार होतं. तुंबून राहिलं तर शरीर समजतं की आता गरज नाही, आणि खरोखरच कमी बनवायला लागतं. म्हणजे ‘दूध नाही’ ही तक्रार कधी कधी घट्ट कपड्यापासून सुरू होते.

त्या मुलीला आम्ही सगळे हुक काढायला लावले, ब्रा उतरवली, त्याच छातीला पुन्हा पुन्हा पाजायला सांगितलं, मधल्या वेळेत गार पाण्याची घडी ठेवली आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. औषध चालू झालं, पाजणं थांबवलं नाही. पावडरचा डबा फोडावा लागला नाही. पण सहा दिवस त्या पोरीने जो त्रास काढला, तो टळण्यासारखा होता.

म्हणून बाळंतिणीच्या प्रत्येक कपड्याला तीन प्रश्न विचारा. एका हाताने उघडतो का? कुठे आवळतो का? कोरडा राहतो का?

ब्रा कधी आणि कशी घ्यायची

लग्नातली ब्रा बाळंतपणात चालत नाही. गरोदरपणात छाती वाढते, बरगड्यांचा घेरही वाढतो. पहिले दोन-तीन दिवस चिकाचं दूध थोडं थोडं येतं. साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून येतं आणि छाती एकदम जड होते. म्हणून आठव्या-नवव्या महिन्यात मऊ, ताणणाऱ्या कापडाच्या फक्त दोन घ्या. बाकीच्या पाच-सहा आठवड्यांनी, माप स्थिरावल्यावर घ्या. एकदम सहा आणल्या तर त्यातल्या चार पेटीत पडतील.

माप घरी घेता येतं. शिंप्याची टेप घ्या. आधी छातीच्या खाली, बरगड्यांवरून माप घ्या. मग छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून, न आवळता. समजा खालचं माप ३४ इंच आणि वरचं ३७ इंच. फरक ३ इंच. १ इंचाला ए, २ ला बी, ३ ला सी, ४ ला डी. म्हणजे तुमचं माप साधारण ३४ सी. खालचं माप ३३ आलं तर ३४ घ्या. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, म्हणून अदलाबदल होईल का, ते आधीच विचारून ठेवा.

नवी ब्रा शेवटच्या, म्हणजे सगळ्यात सैल हुकावर नीट बसली पाहिजे. बाळंतपणानंतर बरगड्यांचा घेर कमी होतो, तेव्हा आतल्या हुकावर जाता येतं. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. कपात थोडी जागा हवी, कारण पाजायच्या आधीची आणि पाजल्यानंतरची छाती सारखी नसते. रात्री काढल्यावर अंगावर लाल वळ दिसले तर ती घट्ट आहे, मग तिच्यावर नंबर काहीही लिहिलेला असो.

पाजायची ब्रा वेगळी मिळते. तिच्या खांद्याच्या पट्टीवर कपाला कडी असते. ती काढली की कप खाली पडतो. दुकानातच एका हाताने ती कडी काढून आणि लावून बघा, कारण घरी दुसऱ्या हातात बाळ असणार आहे. कप खाली पडल्यावर छाती सगळी मोकळी झाली पाहिजे. नुसतं बोंडापुरतं भोक नको; त्याची कडा रुतते. तारेची ब्रा सुरुवातीच्या आठवड्यांत टाळा. आणि ती नाहीच परवडली, तर पुढे हुक असलेली साधी सुती ब्राही चालते. घरात घातली नाही तरी दुधाचं काही बिघडत नाही. आधार वाटतो म्हणून घालायची. रात्री सैल घाला, नाहीतर घालूच नका.

दूध गळतं, ते नैसर्गिक आहे. मऊ सुती कापडाच्या चार पदरी गोल घड्या शिवून आत ठेवा आणि ओल्या झाल्या की लगेच बदला. आणि एक विनंती. ब्रा दोरीवर टॉवेलखाली लपवून वाळवू नका. ती दमट राहते; बोंडाला चिरा पडतात, बुरशी येते, बाळाच्या तोंडातही जाते. उघड्या उन्हात वाळू द्या. ज्याला बघायचं त्याला बघू दे. (हशा)

ब्लाउज, गाऊन, कुर्ता

आपल्या आज्या पुढे गाठ मारायची चोळी घालत. बाळ रडलं की एका हाताने गाठ सुटायची, वर पदर असायचा. पाजायचा कपडा आपल्याकडे होताच. मग फिटिंगचे ब्लाउज आले, मागे हुक आले, मागे चेन असलेले कुर्ते आले, आणि बाळाच्या भुकेची वाट मागच्या बाजूला गेली.

नव्या बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. दर वेळी कपडा सोडायला आणि कोपरा शोधायला दहा मिनिटं लागली, तर दमलेली आई दोन वेळा टाळते. म्हणून सातव्या महिन्यात शिंप्याकडे जा. ब्लाउजला पुढे हुक, आत दोन इंच शिलाई सोडलेली, काखेत सैल. पाजताना सगळे हुक काढा. खालचे दोन काढून ब्लाउज वर ओढू नका. गाऊनला चेन असेल तर तिच्या आत कापडाची पट्टी लावून घ्या, बाळाच्या गालाला लागत नाही. पदराची सेफ्टी पिन आधी काढा, मंगळसूत्र मागे टाका. पोट बांधत असाल तर छातीच्या बराच खाली, आणि श्वास मोकळा राहील इतकंच.

घराबाहेर

दौंडहून पुण्याला गाडीने जायचं असेल, शिरूरहून एसटीने जायचं असेल, तर पुढे उघडणारा कुर्ता आणि सुती ओढणी एवढं पुरतं. पण एप्रिल-मेमध्ये ओढणी बाळाच्या तोंडावरून घट्ट ओढू नका, आत कोंडतं. खांद्यावरून सावली धरा, बाळाचं नाक तुम्हाला दिसलं पाहिजे. अनेक बसस्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत. चौकशी खिडकीवर विचारा. बाळासाठी रात्री रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणीचं नाव त्यांना दिलंय. तिथे जाताना आपण लाजायचं कशाला?

रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या मुलींसाठी सांगते. पात्र असलेल्या आईला पहिल्या दोन बाळांना २६ आठवडे पगारी रजा आहे. कामावर परतल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी आहे. ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघराची सोय हवी. आणि गणवेशाचा शर्ट पुढून उघडणारा मागा. तो हट्ट नाही, गरज आहे.

एका आजींनी चिठ्ठी पाठवली आहे : “पाजल्याने बांधा सैल होतो, म्हणून सून घट्ट ब्रा घालते. बरोबर आहे का?” नाही, आजी. छातीचा आकार बदलतो तो गरोदरपणातल्या वाढीने, वयाने, वजनाच्या चढउताराने. पाजल्याने नाही. घट्ट ब्राने आकार राहत नाही, गाठ मात्र होते.

छातीत गाठ, लाली, ताप असेल तर पाजत राहा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात जा. गाठ जोरात चोळू नका. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांच्यासमोर एकदा पाजून दाखवा, कपड्यासकट.

आणि ज्यांच्या घरी यंदा बाळंतपण आहे त्या सगळ्या सासूबाईंना आणि आयांना माझं एक सांगणं. बाळंतविड्यात टोपरं, झबली, दुपटी भरपूर येतात. ती सगळी बाळाची. या वेळी त्यात बाळंतिणीच्या मापाच्या दोन मऊ ब्रा आणि पुढे हुक असलेले दोन ब्लाउज ठेवा. वर्तमानपत्रात न गुंडाळता द्या.