जुन्या पद्मिनीचे ॲडजस्टेबल शॉकअप मोबाईलने कसे सेट करायचे?

ॲडजस्टेबल शॉकअप बसवले की बहुतेक जण पहिलं काम एकच करतात. नॉब पार शेवटपर्यंत ‘हार्ड’कडे! डिकीत दोन पोती जास्त टाकता येतील, गाडी खाली बसणार नाही, असा हिशोब. पण हा हिशोबच चुकीचा आहे.

गाडीचं वजन पेलते स्प्रिंग. शॉकअप फक्त तिची उसळी मारतो. आत तेल असतं, पिस्टनच्या बारीक वाटांतून ते ढकललं जातं आणि त्यात जो विरोध होतो त्याला म्हणतात डॅम्पिंग. नॉब फिरवला की हा विरोध कमी-जास्त होतो, बस. बाईकच्या मागच्या शॉकअपला पाना लावून आपण ज्या पायऱ्या फिरवतो, तो प्रकार वेगळा. तिथे स्प्रिंगचा प्रीलोड बदलतो. दोन्हीला आपण ‘शॉकअप टाईट केला’ म्हणतो, त्यामुळे गोंधळ होतो.

आमच्या ईटमध्ये काकांकडे प्रीमियर पद्मिनी आहे. फियाट 1100 वरून कुर्ल्यात बनलेली, 1089 सीसीची. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यातच थोडी उसळी मरते. म्हणून मागचा नॉब मऊच ठेवून सुरुवात करायची.

आता कडक ठेवलं तर बिघडतं काय? चाक खड्ड्यावरून जाताना स्प्रिंग त्याला खाली ढकलते, पण कडक शॉकअप अडवून धरतो. टायर क्षणभर हवेत राहतो. हवेतल्या टायरला ब्रेकही लागत नाही आणि स्टेअरिंगही ऐकत नाही. गाळप हंगामात रात्री समोर अचानक बिनदिव्याची उसाची ट्रॉली आली, तर हा क्षण महागात पडतो. फार मऊ ठेवलं तर उलटं: गतिरोधक मागे पडला तरी गाडी डुलतच राहते.

मग बरोबर किती? इथे मोबाईल कामाला येतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ नावाचं फुकट ॲप आहे. त्यात ‘ॲक्सिलरेशन विदाउट जी’ उघडा. मोबाईल स्क्रीन वर करून गाडीच्या पुढच्या भागात, तळाच्या सपाट पत्र्यावर टेपने घट्ट चिकटवा. होल्डरमध्ये लावू नका, होल्डर स्वतःच थरथरतो आणि ग्राफ बिघडवतो. उभ्या हालचालीसाठी झेड अक्षाचा ग्राफ बघायचा. रेकॉर्डिंग शेजारी बसलेल्याने करायचं, चालवणाऱ्याने मोबाईलला हात लावायचा नाही.

आधी टायर थंड असताना हवा चेक करा. हवा कमी-जास्त असेल तर पुढचं सगळं मोजमाप फुकट. मग चारही नॉब सर्वांत मऊ करा. रहदारी नसताना एकच गतिरोधक निवडा, वेग दर वेळी 20 किमी, माणसंही तीच. एक फेरी, एक ग्राफ. नंतर पुढच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन क्लिक वाढवा, पुन्हा फेरी. डावी-उजवी बाजू नेहमी सारखी हवी. पुढचं जमलं की मोबाईल मागच्या सीटखाली लावून मागचे नॉब घ्या.

ग्राफमध्ये एक मोठा उंचवटा आणि त्यामागे लहान होत जाणाऱ्या लाटा दिसतील. अशा गाडीची मोठी लाट साधारण सेकंदाला एक-दीड वेळा येते, चाकाची थरथर दहाच्या आसपास. मोठी लाट दुसऱ्या उसळीतच विरली की थांबा. त्यापुढे क्लिक वाढवले तर लाट फारशी कमी होत नाही, बारीक थरथर मात्र वाढते. माझ्या मते मग दोन क्लिक मागे आलेलंच बरं. आपल्याकडचे रस्ते बघता मऊ बाजूला झुकलेलं परवडतं.

सगळ्या शॉकअपना नॉब नसतो हेही लक्षात ठेवा. डच कंपनी कोनीच्या जुन्या पद्धतीच्या शॉकअपमध्ये तो गाडीतून काढून, पूर्ण दाबून फिरवावा लागतो. बदलतो तोही फक्त स्प्रिंग परत उघडतानाचा विरोध. तिथे दर फेरीला पाना हातात घ्यायची तयारी हवी.

डिकीत खव्याचे डबे भरून निघायचं असेल तर मागे एक-दोन क्लिक वाढवणं ठीक, कारण वजन वाढलं की तेच डॅम्पिंग कमी पडतं. पण गाडी मागून बसली असेल तर नॉबने ती उठणार नाही, पाटे दाखवून घ्या. आणि शॉकअपच्या दांड्याजवळ तेल ओघळलेलं दिसलं तर क्लिक मोजत बसू नका, सील गेलंय. दोन्ही बाजूंचे जोडीने बदला आणि मोजणी पुन्हा मऊपासून सुरू करा.